बावीस धड्यांचं मूळ पान

माझंच वाक्य मला शिकवायला आलेला माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. शनिवारची दुपार होती. मावशी खिडकीशी सुईत दोरा ओवत बसली होती, मी इस्त्री करत होते, आणि तो काउंटरवर एक राखाडी स्वेटर पसरून अगदी समजावणीच्या सुरात सांगत होता की, भोक कधी कडेपासून बुजवायला घेऊ नये, आधी भोवतीच्या धड कापडात शिरावं. कारण भोकाला भोक धरून ठेवत नाही.

हे वाक्य माझं होतं. धडा तिसरा, दुसरा परिच्छेद. ते सुचायला मला दोन दिवस लागले होते.

मी इस्त्री उभी केली आणि हे कुठे वाचलंत म्हणून विचारलं.

"आमच्या साईटवर," तो म्हणाला, आणि वर हसला. "घरगुती कामांचं ते मोठं पोर्टल आहे ना... तिथे मी असतो. सगळी पानं माझ्या हाताखालून जातात. रफूचे बावीस धडे आहेत बघा, फार सुरेख. कुणी लिहिलेत कोण जाणे."

कुणी लिहिलेत कोण जाणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा राग अवाजवी होता असं कुणाला वाटू नये, म्हणून त्या सकाळी आलेलं आणि तेव्हा माझ्या एप्रनच्या खिशात असलेलं पत्र आधी सांगते.

मी मावशीच्या रफूच्या दुकानात काम करते. मावशीचे हात आणि माझं लिहिणं मिळून आम्ही बावीस धडे केले होते. सुई कशी धरायची, दोरा कापडाच्याच दुमडीतून कसा काढायचा, लोकरीचं भोक आणि सुती भोक यांना वेगवेगळं का वागवायचं, असं सगळं. ते मी माझ्या छोट्याशा वेबसाईटवर घातले. हस्तकला विद्यालयाने ते वाचले आणि त्यांचं पाठ्यपुस्तक करायचं ठरवलं. मुखपृष्ठावर मावशीचं नाव आधी, माझं नंतर. मावशीने चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांत आपलं काम लपवण्यातच घालवली आहेत, कारण दिसला तर तो रफू कसला. तिचं नाव एकदा तरी कुठेतरी ठळक दिसावं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि विद्यालयाच्या संपादिकाबाईंचं पत्र म्हणत होतं की, आपण पाठवलेले धडे एका पोर्टलवर शब्दशः आढळले. सर्चमध्ये त्यांचंच पान येतं, आपलं पान येतच नाही. सबब शुक्रवारपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास पुस्तकाचा विचार सोडावा लागेल. 'शब्दशः'च्या खाली शाईने दोन रेघा मारल्या होत्या. सरळ भाषेत सांगायचं तर, मी माझेच धडे चोरले होते.

ते पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मग हेही सांगितलं की, मागच्या वर्षी त्याच्याच ऑफिसातून एका बाईंनी गोड मेल करून हे धडे मागितले होते. खाली तुमचं नाव देऊ, असं कबूल केलं होतं, आणि मी हुरळून जाऊन देऊन टाकले होते. तो ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला की, तसं असेल तर बघायला हवं.

"असेल तर?" मी म्हटलं.

"नाही, म्हणजे... मला माहीत नव्हतं ना..." तो चाचरला. मग विषय बदलायला म्हणून, आणि हे त्याचं धाडसच म्हणायचं, स्वेटरचं डावं कोपर पुढे केलं. तिथे लोकरीचा एक भयंकर गोळा झाला होता. स्वेटर त्याच्या ताईने विणलेला होता, म्हणून त्याने दुकानात न देता आधी स्वतःच प्रयत्न केला होता. धडा नववा अक्षरन् अक्षर पाळूनही हे असं झालं. बाकी धडे छान आहेत, पण नववा जरा... चुकलाय, असं त्याचं नम्र मत पडलं.

आता मात्र मी काउंटरच्या बाहेर आले. पण माझ्याआधी मावशीने स्वेटर ओढून घेतला, गोळा कात्रीच्या टोकाने उसवला, आणि सुई भोकापासून बोटभर दूर, धड विणीत घातली. तो बघत राहिला. तिच्या कामाकडे नाही, हाताकडे.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

जन्मापासून, मावशी म्हणाली, आणि शाळेत त्यापायी खाल्लेला मार लगेच सांगायला लागली.

"नवव्या धड्यात सुई डावीकडून उजवीकडे जाते," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "मी तीनदा करून पाहिलं, दर वेळी हात अडकत होता. तो धडा यांच्या हाताकडे बघून लिहिलाय." मग जरा थांबून, हळू आवाजात, "तुम्ही लिहिलाय."

खरं होतं. मावशीचं काम बघून लिहिताना मी प्रत्येक धडा आठवणीने उलटा करायची, म्हणजे उजव्या हाताच्या लोकांना जमावं. एकवीस धडे उलटे केले आणि नववा राहिला. माझा चरफडाट झाला तो यामुळे की, बरोबर लिहिलेल्या एकवीस धड्यांसाठी माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, आणि एक चुकला त्यावर याने ठेवला. पण जाताना त्याने काउंटरवर पडलेलं संपादिकाबाईंचं पत्र होतं त्याच घड्यांवर दुमडून माझ्या हातात दिलं, आणि का कोण जाणे, ते माझ्या लक्षात राहिलं.

आमच्या दुकानात चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची पद्धत नाही. मावशीला नावं आठवत नाहीत, भोकं आठवतात. चिठ्ठीवर फाटल्याची जागा लिहायची आणि ती कपड्याला आतून टाचायची. मी लिहिलं, 'राखाडी, डावं कोपर'. तेव्हापासून तो आमच्याकडे कोपर झाला.

सोमवारी कोपर हजर. स्वेटर झाला का, विचारायला आलो म्हणाला. नाही झाला, उद्या या, मी म्हटलं. तरी तो गेला नाही. त्याने पिशवीतून वही काढली आणि दोन दिवस त्याने काय शोधलं ते सांगू का, असं विचारलं. सांगा, मी म्हटलं, आणि हातातलं काम चालूच ठेवलं, म्हणजे फार उत्सुकता दिसू नये.

दोष दोन होते, आणि दोन्ही त्याचे. पहिला हा की, मागच्या वर्षी त्याने पोर्टलच्या पानांचा साचा नव्याने बनवला, तेव्हा बाहेरच्या लेखकांच्या नावाचा चौकोन त्यात घालायचाच राहिला. दुसरा समजायला जरा वेळ लागला. माझ्या लॅपटॉपवर त्याने त्यांचं एक पान उघडलं आणि त्यामागचा मजकूर काढून दाखवला, वाचकाला कधीच न दिसणारा. त्यात वरच्या भागात एक ओळ होती. तिला कॅनॉनिकल टॅग म्हणतात म्हणे.

"तुम्ही कपड्याला आतून चिठ्ठी टाचता ना, तशी ही," तो म्हणाला. "अंगात घालणाऱ्याला दिसत नाही. फक्त सर्चवाल्यांसाठी. या मजकुराच्या कितीही प्रती असोत, मूळ पान अमुक पत्त्यावर आहे, एवढंच ती सांगते."

आणि प्रती किती असतात! माझा एकच धडा त्यांच्याकडे पाच पत्त्यांवर होता. एक शिवणकामात, एक घरकामात, एक फोनवर वाचायचा, एक छापून घ्यायचा, एक जाहिरातीवरून येणाऱ्यांसाठी. सर्चवाल्यांना एकसारखी पाच पानं दिसली की ते गोंधळतात, एकालाच धरतात, बाकीची बाजूला टाकतात. आपलीच पानं आपसांत भांडू नयेत म्हणून त्याने साच्यात ती ओळ घातली होती, आणि ती प्रत्येक पानावर आपोआप उमटायची. मूळ पान आमचंच. बाहेरून, दुसऱ्या कुणाचं लिहिलेलंही काही आपल्याकडे येतं, हे साचा लिहिताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"डोक्यातच आलं नाही," मी म्हटलं. "म्हणजे माझ्या बावीस धड्यांवर बावीस वेळा तुम्ही लिहून ठेवलंत की हे आमचं आहे, आणि ते कुणाला दिसतही नाही. दिसलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं."

"आता भांडताय की," तो म्हणाला.

मी इस्त्री उभी केली. त्याने तिकडे बघितलं आणि त्याच्या ओठांच्या कडा हलल्या.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. तुम्ही चिडलात की आधी इस्त्री उभी करता. कापड जळू नये म्हणून. इतका शिस्तीत चिडणारा माणूस मी पाहिला नव्हता."

मी इस्त्री उचलून त्याच घडीवर पुन्हा फिरवली, आणि याचाही मला रागच आला. मावशी खिडकीशी खोकली. तिला खोकला वगैरे काही झालेला नव्हता.

मंगळवारी त्याने आमच्या बावीस धड्यांपुरती ती ओळ बदलली. आता पोर्टलची पाचही पानं म्हणत होती की मूळ पान इथे नाही, तिकडे आहे, आणि पुढे माझ्या वेबसाईटचा पत्ता. खाली नावंही आली, मावशीचं आणि माझं. त्याच्या साहेबांनी याला नाही म्हटलं होतं. आलेले वाचक आपल्या हाताने दुसऱ्याकडे कशाला पाठवायचे, असं त्यांचं म्हणणं. याने त्यांना ते मेल दाखवलं, नाव देऊ असं कबूल केलेलं, आणि मग परवानगीची वाट न बघता काम करून टाकलं. हे त्याने मला सहज सांगितलं, स्वेटर झाला का विचारता विचारता. उद्या या, मी म्हटलं.

मला वाटलं, आता झालं. संध्याकाळपर्यंत सर्चमध्ये माझं पान वर येईल, आणि मी संपादिकाबाईंना दाखवेन. तर हा म्हणाला की, सर्चवाल्यांचा फेरा येईल तेव्हा ते ती ओळ वाचतील. फेरा दोन दिवसांनी येतो, कधी पंधरा दिवसांनी. आणि ती ओळ म्हणजे हुकूम नाही, विनंती. बहुतेक वेळा ऐकतात.

"बहुतेक?" मी म्हटलं. "माझं असूनही मी विनंती करायची?"

 उठताना त्याने माझ्याकडे असं बघितलं की, माझी तयार असलेली पुढची दहा वाक्यं विस्कटली.

बुधवारी तो आला नाही. सर्चमध्ये मी सकाळपासून सतरा वेळा पाहिलं, काहीही बदललं नव्हतं. मी दोन्हींबद्दल सारखीच चिडले होते, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी मावशी म्हणाली, "आज कोपर आलं नाही गं." मी म्हटलं, मला काय त्याचं. मग घरी जाताना वाटेत उगाचच, त्याला एकदा काय ते सांगून टाकावं म्हणून एक वाक्य मनात जुळवायला लागले. मोडलं, पुन्हा जुळवलं. चार शब्दांचं साधं वाक्य, पण काही केल्या जमेना.

गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज जरा घाईचा. माझ्या वेबसाईटचा पासवर्ड मिळेल का... थोडी सफाई करायची आहे... पाचच मिनिटांचं काम...

हद्द झाली. आधी धडे नेले आणि आता पासवर्ड! सफाई करायची तर मी करीन, माझे हात शाबूत आहेत, असं सांगून मी फोन ठेवला. पण कशाची सफाई, हा विचार काही डोक्यातून जाईना. त्यानेच शिकवलं होतं, पानामागचा मजकूर कसा काढायचा आणि ती ओळ कशी शोधायची. आजवर मी त्यांचीच पानं तपासत होते. आता माझं उघडलं, धडा पहिला.

ओळ होती. मूळ पान, आणि पुढे त्यांच्या पोर्टलचा पत्ता.

दुसरा धडा काढला, तेच. नववा, तेच. बाविसावा, तेच. आणि मग सगळं आठवलं. सहा महिन्यांपूर्वी मी माझी वेबसाईट नव्याने सजवली होती. माझेच धडे त्यांच्या पानावर माझ्यापेक्षा देखणे दिसत होते, आणि ते मला इतकं खुपलं की, खाली आमची नावं नाहीत हेही बघायचं राहिलं. म्हणून मी त्यांच्या प्रत्येक धड्यामागच्या मजकुराचा वरचा भाग जसाच्या तसा उचलला आणि माझ्या त्या त्या धड्यावर बसवला. रंग बदलले, आकार बदलले. बाकीच्या ओळी कळत नव्हत्या, म्हणून हात लावला नाही.

म्हणजे सहा महिने त्यांचं पान म्हणत होतं मूळ आम्ही, आणि माझं पान म्हणत होतं हो, मूळ तेच. सर्चवाल्यांनी दुसरं काय करायचं होतं? आणि मंगळवारपासून त्यांचं पान माझ्याकडे बोट दाखवत होतं आणि माझं त्यांच्याकडे. दोन पाहुणे दारात उभे, आधी तुम्ही, नाही नाही आधी तुम्ही, आणि घरात कोणीच शिरत नाही.

मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात संपादिकाबाईंचा फोन. आवाज चक्क मऊ होता. त्यांच्याकडे पोर्टलमधून सहीचं पत्र आलं होतं, बुधवारचं. त्यांनी ते वाचून दाखवलं. "धड्यांच्या लेखिका त्याच आहेत. आमची पाने ही प्रत असून ती मूळ म्हणून दिसण्याचा संपूर्ण दोष माझ्या साच्याचा आहे. लेखिकेच्या संकेतस्थळात कोणतीही चूक नाही." बाई म्हणाल्या की, एवढं त्यांना पुरेसं आहे, उद्या बाराला येऊन करारावर सही करा.

पुस्तक आमचं होतं. मी गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं.

आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला बुधवारी कळलं होतं. कळलं म्हणून तर पासवर्ड मागत होता, गुपचूप पुसून टाकायला. आणि तरी सही करून लिहितो, कोणतीही चूक नाही! मी मावशीला सगळं सांगितलं, हेही सांगितलं की, खरं बोलले तर कदाचित मुखपृष्ठावर तुझं नाव येणार नाही. मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चुकीचा टाका आत ठेवून वर काम केलं तर काय होतं, हे तूच लिहिलंयस ना कुठल्याशा धड्यात," ती म्हणाली. "उसव आणि परत घाल."

दुपारभर बसून मी बावीस ओळी स्वतः बदलल्या. आता माझं प्रत्येक पान आपलाच पत्ता सांगत होतं.

शुक्रवारी अकराला मी त्याच्या ऑफिसात होते. काचेचा दरवाजा, पुढे टेबल, टेबलामागच्या मुलीने काय काम विचारलं तर मी म्हटलं, तक्रार. आत इतका गारठा होता की माझी बोटं आखडली. तो बाहेर आला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हात काखेत धरलेले. मला क्षणभर अपराधी वाटलं. पण मी त्यासाठी आले नव्हते.

"माझी चूक मला परत द्या," मी म्हटलं.

त्याला लगेच कळलं. चेहराच सांगत होता.

"बुधवारी सकाळी दिसलं मला," तो म्हणाला. "फेऱ्याची वाट बघत तुमची पानं तपासत होतो. शुक्रवार तोंडावर आला होता. मला वाटलं, आधी पुस्तक होऊ दे, मग..."

"तुम्हाला वाटलं. वर्षभरापूर्वी आमची नावं गाळली गेली तेव्हाही कुणाला काहीतरी वाटलंच असेल, किंवा नसेलही वाटलं. धडे माझे आहेत ना? मग त्यातली चूकही माझी. तिच्यावर तुमचं नाव घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

टेबलामागची मुलगी लिहायची थांबली होती. 

"खरंय," तो म्हणाला. "मी परत तेच केलं. तुमचं होतं ते माझं म्हणून लावलं."

एवढं सरळ कबूल करणाऱ्या माणसावर पुढे चिडायचं कसं, हा प्रश्नच होता. मी म्हटलं की, बाराला संपादिकाबाईंकडे जाऊन मी सगळं सांगणार आहे. त्याने खुर्चीवरची पिशवी उचलली. मीही येतो, म्हणाला, माझी अर्धी चूक मला सांगू द्या. तुमची अर्धी तुम्ही सांगा.

संपादिकाबाई दिसायला अगदी त्यांच्या पत्रासारख्या निघाल्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, देखण्या पानाच्या हेव्यासकट. त्याने आपला साचा आणि ते पत्रातलं खोटं वाक्य, दोन्ही सांगितलं. बाईंनी दोघांना खाली बसवलं नाही. त्यांनी आमच्या धड्यांची फाईल ओढली आणि पानं उलटली.

"नववा धडा मी घरी करून पाहिला," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटाला सुई लागली. उलटा का आहे तो?"

मावशी डावखुरी आहे, मी म्हटलं. बाकीचे मी उलटून लिहिले, हा राहून गेला. आता हीसुद्धा चूक माझ्याच पदरात पडणार, असं वाटून मी मान ताठ केली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं.

"म्हणजे तुम्ही रोज शेजारी बसून बघितल्याशिवाय ही चूक होणारच नव्हती," त्या म्हणाल्या. "राहू द्या तो धडा तसाच. वर लिहा, डावखुऱ्यांसाठी. आमच्याकडे दर वर्षी चारपाच मुली असतात तशा, त्यांच्यासाठी आजवर कुणी काही लिहिलेलं नाही."

मग त्यांनी करार पुढे केला. मावशीचं नाव आधी होतं. सही करताना मी कुणावरच चिडलेली नव्हते, हे मला मान्य करावंच लागेल. सर्चमध्ये माझं पान वर यायला त्यानंतर अकरा दिवस लागले, त्या अकराही दिवसांत मी धुसफुसतच होते, पण त्याचं आता काही नाही.

आम्ही चालतच दुकानात आलो. वारा सुटला होता, तो अर्ध्या बाह्यांत कुडकुडत होता, आणि मी काही बोलत नव्हते, कारण बुधवारचं ते वाक्य आता कुठे नीट जुळून आलं होतं आणि मला ते धक्का न लागता दुकानापर्यंत न्यायचं होतं. पण काउंटरमागे गेल्यावर आधी दुसरंच बोलावं लागलं. आज सगळ्या चुका सांगायचाच दिवस होता.

"आणखी एक आहे," मी म्हटलं. "तुमचा स्वेटर सोमवारीच तयार होता. तरी मी उद्या या म्हणत राहिले."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कसं?"

"तुमच्या मागेच टांगलेला असतो. दोन्ही दिवस दिसला."

मी वळून पाहिलं. राखाडी स्वेटर खिळ्याला लटकत होता, चिठ्ठीसकट, अगदी नाकासमोर. माझे कान तापले. मग बोलला का नाहीत, मी विचारलं, आणि आवाज नको तितका चढला. तुम्ही गारठत होतात, तोंडाने सांगता येत नव्हतं?

"तुम्ही उद्या या म्हणायचात," तो म्हणाला. "मला उद्या यायचं होतं." मग त्याने हात काउंटरवर ठेवला, माझ्या हातापासून जेमतेम बोटभर अंतरावर... आणि म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता."

 चार शब्द. अगदी तेच, त्याच क्रमाने.

"हे माझं वाक्य आहे," मी म्हटलं. "बुधवारपासून त्याच्यामागे आहे. मला दोन दिवस लागले ते जुळवायला आणि तुम्ही आयतं..."

"मग मूळ तुमचं," तो म्हणाला. "माझी प्रत."

मी इस्त्रीकडे हात नेला, पण ती आज तापवलेलीच नव्हती. तो हात मग त्याच्या हातावरच ठेवावा लागला. बोटं थंडगार होती, आणि त्याने ती उलटी करून माझी धरली.

खिडकीशी मावशीने मानही वर न करता विचारलं, ते कोपर आज न्यायचंय की उद्या?

"उद्या," आम्ही म्हणालो. आणि आधी कोण म्हणालं, ते मला खरंच सांगता येणार नाही.